तेहतीस काठ्या

सिद्धनाथ श्रावणात गेला आणि दसऱ्याच्या आत त्याच्या पोरानं, माउलीनं सगळी बकरी विकली. दोन टेम्पो आले, फळ्या लावल्या, आणि माळशिरस तालुक्यातल्या त्या वाडीत तीन पिढ्या नांदलेला मेंढरांचा कळप चहा निवायच्या आत रस्त्याला लागला. मागं राहिली एक म्हातारी शेळी, खुंटीवर गुंडाळलेली, बकरी कोंडायच्या जाळ्याची वाघर आणि दाराच्या कोपऱ्यात टेकलेली सिद्धनाथची काठी. काठी कोण विकत घेणार?

माउलीला दोष द्यायचा तर कुठल्या तोंडानं द्यायचा! तो सोलापूरला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता, बायको-लेकरू तिकडंच. बकऱ्यांमागं आठ-आठ महिने रान तुडवायला आता घरात माणूसच नव्हतं. टेम्पो दिसेनासे होईपर्यंत सिद्धनाथची बायको मायाक्का दारात उभी होती. दोन-तीन महिने तिनं तसेच काढले. पौष लागला, तशी मात्र तिला घर खायला उठलं. पौषात ती जन्मात कधी घरात राहिलेली नव्हती.

"माउली, मला दर्यावर जायाचंय," सुट्टीला आलेल्या पोराला तिनं जेवतानाच सांगितलं.

माउलीचा घास हातातच राहिला. "आता? बकरी न्हाईत, काय न्हाय. तितं काय हाय आये?"

"बिरू हाय की."

बिरू म्हणजे बिरुदेव, माउलीच्या पाठचा. चौदा महिन्यांचा होऊन गेला.

"मूठभर माती आनती आन ह्यांच्याशेजारी ठिवती," मायाक्का म्हणाली. "बाप गेला, बकरी गेली. आता त्या वाटंनं कोन जायाचं? पोरगं एकलं पडंल तितं."

"वाळू हाय ती आये. वाळू काय, हितल्या वड्यातली घेतली तरी सारखीच."

"मग बाहीरचं कुटलंबी पोर आनून तुज्या ताटावर बशीव. सारखंच की!" म्हातारी म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

एकवीस वर्षांमागची गोष्ट. तेव्हा दर साली दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे बकरी, घोडी, कुत्री आणि माणसं असं सगळं बिऱ्हाड, घाट उतरून कोकणात जायचा. भात कापलेल्या खाचरांत रात्रीची बकरी बसवायची; जमिनीला लेंड्यांचं खत मिळायचं, धनगराला भात. चिपळूणच्या खाली, खाडी दर्याला मिळते तिथं सुरंगवाडी नावाचं पंधरा-वीस उंबऱ्यांचं मासेमाऱ्यांचं गाव. शेवटचा मुक्काम तिथं. त्या साली वाटेतच बिरूला ताप भरला. घोड्याच्या पाठीवर बोचक्यांच्या मध्ये बांधलेलं पोर गावात पोचेस्तोवर मान टाकून होतं. हेमावतीनं, तिथल्या मासेवालीनं, त्याला आपल्या ओसरीवर घेतलं, तान्ही लेक बाजूला ठेवून स्वतःचं दूध पाजून बघितलं. पोरानं तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. सिद्धनाथनं हेमावतीच्या विहिरीच्या कठड्याला काठी लावली, समोर दर्यात उभ्या असलेल्या कासवखडकाची सरळ रेघ धरली आणि काठीपुढं काठी टाकत गेला. तेहतीस काठ्यांवर, उंडीच्या झाडाखाली खड्डा घेतला. वाळूवर दगड ठेवला तर पावसाळ्यात तो गडप होतो, आणि झाडाचा काय भरवसा? विहीर आणि खडक मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून ही मोजणी. आणि सांज-सकाळ बकरी मोजणाऱ्या माणसाची मोजणी चुकत नसते, हे धनगराच्या बाईला सांगावं लागत नाही.

पुढं दर साली तीच रीत. अलीकडच्या सालांत मायाक्का दर्याकडं पाठ करून विहिरीपाशी बसायची. मोजताना आईनं बघू नये असा सिद्धनाथचा दंडक होता. तो मोठ्यानं मोजत जायचा. तेहतीस झालं की हाक यायची, "ये." ती चरवीतलं मेंढीचं दूध घेऊन जायची, वाळूवर ओतायची, वर हळद टाकायची, घटकाभर बसायची. वय झालं की माणसाची वाट लांबते. हिची ही वाट मात्र दर साली आखूड होत गेली, आणि तिला वाटायचं, चला, दुःख जरा सरत चाललं.

पंचवीस दिवसांची ती चाल एसटीनं एका दिवसावर आली होती. माउलीनं तिला साताऱ्यावरून चिपळूणला जाणाऱ्या गाडीत बसवलं, हेमावतीच्या लेकीचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून बटव्यात घातला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता काठीवरून कुरकुरला.

"आजी, ही काठी खाली आडवी टाका. कुणाच्या डोळ्यात जाईल."

"आडवी न्हाई टाकायची," मायाक्का म्हणाली. "मानसाची हाय."

शेजारी बसलेल्या पोरीनं घोंगड्याच्या वासानं नाकाला ओढणी लावली आणि फलटणला जागा बदलली. मायाक्कानं घोंगडं मांडीखाली दाबून धरलं. घाट लागला तसं तिनं खिडकीतून बघायला सुरुवात केली. इथं घोडी पाण्याला थांबायची. इथं एकदा वाघरीत लांडगा शिरला होता. इथं सिद्धनाथनं तंबाखू मळता मळता म्हटलं होतं, म्हातारपणी गाडीत बसवून नेईन तुला. पण एसटी कशाला थांबते तिथं! ते सगळं झाडांमागं सरकत गेलं आणि तिला डोळे पुसायलाही धड वेळ मिळाला नाही.

चिपळूणच्या स्टँडवर हेमावतीची लेक सुकन्या स्कूटर घेऊन उभी होती. तीच ती, बिरूसाठी बाजूला ठेवलेली तान्ही. आता एकवीस-बावीसची, उन्हानं रापून काळी झालेली, खांदे गड्यासारखे.

"मायाक्काकाकू, घट्ट धरा हां मला."

"काटी कुटं धरू?"

"काठी माझ्याकडं द्या. मी फळी नेते अशीच."

सुरंगवाडी ओळखू येईना. घरं होती तीच, पण ओट्यांवर जाळ्यांच्या जागी रंगीत फळ्या उभ्या. माणसाएवढ्या लांब, टोकाला निमुळत्या. पुण्या-मुंबईची पोरं-पोरी अंगाला चिकटलेले काळे कपडे घालून पाण्यात जात होती, फळीवर पालथी पडत होती, लाट आली की उभी राहू बघत होती आणि धपकन पडत होती. पडल्यावर हसत होती. मायाक्काला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. धनगराला पाण्याचं भय. एवढ्या वर्षांत तिनं दर्यात पाऊल बुडवलं नव्हतं.

"मासळी गेली गो," हेमावती तिला पोटाशी धरून म्हणाली. ती सुटली होती, केस पांढरे झाले होते. "जाळी टाकून बाप्ये कर्जात बुडाले असते. ह्या फळ्यांनी गाव जगवला. माझी सुकन्या सर्फिंग शिकवते लोकांना. मी जेवण रांधते. सिद्धनाथभाऊंचा कळला तेव्हा दोन दिवस चूल पेटवावीशी वाटली नाय बघ."

मग दोघी मनसोक्त रडल्या. पाहुणे जेवायला खोळंबले होते, तरी हेमावती उठली नाही.

सकाळी मायाक्कानं चरवी काढली आणि तिच्या ध्यानात आलं, दूध कुठलं? एकवीस वर्षांत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. हेमावतीनं फ्रीजमधून पिशवी काढून दिली. सुकन्यानं दातानं कोपरा तोडला, दूध चरवीत पडलं. थंडगार. शंभर बकऱ्यांच्या मालकिणीनं पिशवीचं दूध पदराखाली झाकून नेलं, कुणी बघितलंय का असं आजूबाजूला बघत.

ओहोटी होती. विहिरीचा कठडा निळा रंगवला होता, पण दगड तेच होते. तिनं चरवी खाली ठेवली, कासवखडकाची रेघ धरली आणि काठी वाळूवर टाकली. एक. पुन्हा उचलायची, टोकाला टोक लावायचं. दोन. कंबर धरत होती. पाहुण्यांतल्या एकीनं मोबाईल पुढं केला. "आजी, जरा इकडं बघा ना." मायाक्कानं बघितलं नाही, बघितलं असतं तर आकडा विसरली असती. तेरा. चौदा. पंधरा.

सोळाव्या काठीला केवड्याचं जाळं आलं आणि ती थांबली.

हीच जागा. ह्याच केवड्याशी ती बसायची. गेल्या साली तिचं लुगडं ह्याच्याच काट्याला अडकून फाटलं होतं, आणि सिद्धनाथ म्हणाला होता, पोरगं सोडंना व्हय तुला. मग तेहतीस कुठं गेले? माझीच मोज चुकली, म्हातारी झाले, असं म्हणत ती परत विहिरीपाशी आली. पुन्हा कठड्याला काठी. ह्या खेपेला प्रत्येक काठीला तिनं वाळूत बोट रोवलं. पुन्हा केवड्याशी सोळाच.

ती तशीच पुढं निघाली. सतरा. वीस. सुकी वाळू संपली, ओली लागली. पंचवीस. सव्विसाव्या काठीला पाणी पावलांवरून गेलं आणि तिच्या हातून काठी सुटली. लाटेनं ती ओढून नेली. पलीकडं कुणीतरी हसलं. सुकन्या फळी टाकून धावली, काठी धरून आणली. मायाक्का ओल्या वाळूत मटकन बसली होती.

"काकू, काय झालं?"

"अजून सात ऱ्हायल्यात," मायाक्का म्हणाली. समोर सात काठ्यांवर, जिथं लाट पांढरी होऊन फुटत होती, तिथं पाहुण्यांची पोरं पडत होती आणि उठत होती.

हेमावती घरातून हात पुसत आली. तिला सांगावं लागलं नाही. ती मायाक्काशेजारी ओल्या वाळूत बसली.

"नऊ वर्षां झाली गो," ती म्हणाली. "ते वादळ झालं ना, त्या साली खाडीनं तोंड फिरवलान. उंडी गेली, सुरूची झाडां गेली, निम्मी पुळण गेली. तुमी आलात तेव्हा भाऊ पहिले येऊन बघून गेले. ह्याच जागी उभे राहिले. मग माझ्याकडे आले नि बोलले, हेमाताय, तिला काय सांगायचं नाय. तुला शपथ आहे माझी."

"पर ते मोजायचे की! तेहतीस मोजायचे, मी आयकायची."

"मोजायचे. काठी टाकायचे नि पुढची काठी मधनंच लावायचे. दर साली पाणी पुढे, दर साली काठी अजून मागनं. तोंडानं मात्र तेहतीस."

मायाक्काला आठवलं. वादळाच्या आधी ती मोजताना त्याच्या बरोबरीनं चालायची. मोजताना आईनं बघू नये, हे तो वादळाच्या सालापासून म्हणायला लागला होता. आणि आपण बघितलं नाही. नवरा सांगतो म्हणून पाठ करून बसलो.

"नऊ वरसं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "नऊ वरसं मी केवड्याला दूध पाजलं व्हय गं? कोकराच्या तोंडचं काडून आनायची मी! माजं पोरगं तितं पान्यात, आन मी हितं रिकाम्या वाळूवर हळद टाकत बसली! तुमी दोगांनी मिळून मला येडी क्येली. तू बी हेमावती? त्याला दूध पाजाया घेतल्यालं तू, आन तू बी?"

हेमावतीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ सकाळी यायचे, तुला ठाऊक आहे?"

"कुटं?"

"इथं. तू उठायच्या आधी. उजाडताना मी मासळीला जायची तेव्हा दिसायचे. धोतर वर खोचून कमरेइतक्या पाण्यात उभे. एवढा पाण्याला भिणारा माणूस, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून. लाट आली की डोळे मिटायचे. नि बोलत असायचे काहीतरी. एकदा मी जवळनं ऐकलं. बोलत होते, बिरू, आलुया रं. आईला म्हायती न्हाय, तू बी सांगू नगंस."

मायाक्काच्या तोंडचा राग तोंडातच विरला. दर साली त्या सकाळी सिद्धनाथचं धोतर ओलं असायचं. ती म्हणायची, पानी पाजाया गेला का सोता प्याया गेला? तो हसायचा. नऊ वर्षं तो हसला होता. तिला एकदम त्याच्यावर इतकी माया आली आणि इतका राग आला, की हातात असता तर त्याला मारलं असतं आणि मग कुशीत घेतलं असतं. ती वाळूत कपाळ टेकून रडली. पोरासाठी रडली, त्याच्या बापासाठी रडली, आणि ते दुःख एकट्यानं वागवलेल्या माणसाला एकदाही विचारलं नाही म्हणून स्वतःसाठी रडली.

सुकन्या उभीच होती. तिचा चेहरा उतरला होता. "काकू, मला ठाऊक नव्हतं. त्या वादळानंतर तिथं पाण्याखाली वाळूचा उंचवटा झालाय. म्हणून लाट चांगली फुटते. आम्ही सगळ्यांना तिथंच शिकवतो." तिनं लाटेकडं बोट केलं. "आमचं सगळं त्याच लाटेवर चालतं."

मायाक्कानं तोंड पुसलं. "मग बरं हाय की," ती म्हणाली. "रोज पोरं खेळत्यात त्याच्यापाशी. मला वाटलं एकलंच हाय."

मग ती उठली. लुगड्याचा काष्टा आवळला, विहिरीपाशी राहिलेली चरवी आणून हातात धरली. "सुकन्या, मला तितवर ने."

"काकू, लाट आहे. तुम्हाला पोहता येत नाही."

"ह्यास्नी कुटं येत हुतं?"

सुकन्यानं शिट्टी मारून पाहुण्यांना बाहेर काढलं. सगळे काठावर ओळीनं उभे राहिले. मोबाईल कुणी वर केला नाही. एका हातानं मायाक्काची कंबर धरून ती तिला पाण्यात घेऊन निघाली. काठी आता वाळूवर टेकत नव्हती, म्हणून दोघींनी ती पाण्यावर आडवी धरली. सत्तावीस. पाणी गुडघ्याला आलं. लाट आली की सुकन्या तिला पाठीशी घेऊन स्वतः झेलायची. एकोणतीस. खारं पाणी नाकातोंडात गेलं, मायाक्का ठसकली, पण तिनं आकडा सोडला नाही. तीस. एकतीस. पाणी छातीला लागलं आणि तिचे पाय उचलले जायला लागले.

"काकू, आता बास. पुढं मला तुम्हाला धरता येणार नाही."

"दोनच ऱ्हायल्या गं."

"बास काकू. पाया पडते."

दोन काठ्या. एकवीस वर्षांची वाट आणि दोन काठ्या कमी. तिनं चरवी वर धरली होती, त्यात दुधापेक्षा समुद्राचंच पाणी जास्त झालं होतं. तिनं ती पुढं ओतली. "बिरू, आई हाय रं," ती म्हणाली. लाट आली आणि ते दूध तिच्याच अंगावर घेऊन आली.

सुकन्यानं तिला काठाला, हेमावतीच्या हातात दिलं. मग काठी घेऊन एकटी परत गेली. उरलेल्या दोन काठ्या तिनं पोहत मोजल्या आणि खाली बुडी मारली. काठावर हेमावती देवाचं नाव घेत होती. सुकन्या वर आली तेव्हा तिची मूठ आवळलेली होती. काठावर येईपर्यंत बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं, पाण्याबरोबर वाळूही. तिनं मूठ उघडली. चिमूटभर उरली होती, काळपट, त्यात शिंपल्याचा एक कपचा.

"एवढीच राहिली काकू."

मायाक्कानं ती पदरात घेतली आणि गाठ मारली. "चौदा महिन्याचं हुतं," ती म्हणाली. "त्याला किती लागती?"

तिसऱ्या दिवशी ती वाडीवर परतली. माउलीचा फोन आला होता, रविवारी येतो म्हणून. तिनं शेळीला पाला टाकला आणि तशीच बांधावर गेली. सिद्धनाथची राख तिथं पुरली होती, वर एक दगड. ऊन तापलं होतं. दगडाशेजारची माती तिनं खुरप्यानं उकरली, पदराची गाठ सोडली. वाळू वाळून फिकी झाली होती, लुगड्याला मिठाचा पांढरा डाग पडला होता. वाळू तिनं खड्ड्यात ठेवली, शिंपल्याचा कपचा वर ठेवला, आणि हातानं माती लोटली.

वाटभर तिनं बोलायचं ठरवलेलं होतं, किती भांडायचं तेही ठरवलेलं होतं.

"आनलं बगा त्याला," ती म्हणाली. "मी सोता मोजलं. केवड्याला बराबर तेहतीस भरल्या. उंडी पडली हाय, पर पोरगं जागचं हललं न्हवतं. सुक्या वाळूत हुतं, उबंला. तुमची मोजणी कशी चुकंल?"

शेळी बांधापर्यंत मागं आली होती आणि उभी होती. मायाक्कानं काठी उचलली, तिचं टोक दगडाला लावलं आणि दोन्ही मातींच्या मधोमध ती आडवी ठेवली. मग उठून चार पावलं लांब गेली आणि तिकडं पाठ करून बसली. मोजताना आईनं बघायचं नसतं.